सातव्या यंत्राचं शिंपण

१

उर्किदी लोकरगिरणीच्या हिशेबात लोकर पिंजायची यंत्रं सात होती, आणि गिरणीत सहा.

गिरणी विकायची ठरली होती. आरेकिपाच्या खरेदीदाराचा माणूस कार्निव्हलच्या आधी येऊन यंत्रं दोनदा मोजून गेला. तिसऱ्यांदा त्यानं मालक डॉन गोन्सालो उर्किदींना बरोबर घेऊन मोजली. सहाच. सातव्याच्या खरेदीची फाइलही कपाटातून नाहीशी झाली होती. आणि दर वर्षअखेरीला त्या यंत्रापुढे ‘पाहिलं’ असं लिहून सही करणारा माणूस, गिरणीचा हिशेबनीस आनिसेतो तिकोना, नोव्हेंबरात वारला होता. मेलेल्या माणसावर आळ घेणं सोपं असतं. तो कपाळाला आठीसुद्धा घालत नाही.

गुरुवारी सकाळी त्याची मुलगी नेल्वा ला पाझच्या बसमधून ओरुरोला उतरली. कार्निव्हल संपून दोन दिवस झाले होते. रस्त्यात रंगीत कागदाचे तुकडे वाऱ्यावर उडत होते, काही तिच्या काळ्या स्कर्टला येऊन चिकटत होते. ती ते झटकत झटकत गिरणीत पोचली. दुसऱ्यांच्या वह्या तपासणं हा तिचा धंदा होता. ही वही मात्र तिनं आजवर उघडून पाहिली नव्हती.

“ये पोरी, बस,” डॉन गोन्सालो म्हणाले. “आपी मागवलीय, गरम आहे. तुझ्या बापाला सकाळी हीच लागायची.”

जांभळ्या मक्याच्या पेयाची वाफ टेबलावर चढत होती. कार्निव्हलात धरणीमाय पाचामामाला दारू आणि पाकळ्या वाहून आपापल्या वस्तूंची बरकत मागतात, ते शिंपण. गेल्या शुक्रवारचं गिरणीचं शिंपण अजून कुणी झाडलं नव्हतं, झाडायचं नसतंच. टेबलाच्या पायांना, खुर्चीच्या हातांना, तिजोरीच्या मुठीला चंदेरी फिती गुंडाळलेल्या होत्या. कामगार साध्या रंगीत फिती बांधत. चंदेरी फक्त मालकाची, ला पाझहून मागवलेली.

“पाद्रिनो, फोनवर मला नीट समजलं नाही,” नेल्वा आपल्या धर्मबापाला म्हणाली.

“फोनवर सांगायची गोष्टच नाही ती.” त्यांनी आवाज खाली आणला. “मागची बंद शेड आठवते ना? ती सहा वर्षं रिकामी आहे. आनिसेतोनंच मला सांगितलं होतं, सातवं यंत्र मोडीत काढलं म्हणून. मी मान हलवली. तुझ्या बापाच्या शब्दापुढे मी कधी काय बोललो? आणि आता बघतो तर वहीत ते दर वर्षी जिवंत. मोडीचे पैसे कुठे गेले ते त्यालाच ठाऊक.”

नेल्वानं आपीचा पेला उचलला नाही.

“पोलिसात जायचं माझ्या जिवावर येतं,” ते पुढे म्हणाले. “बाप्तिस्म्याच्या पाण्यावर तुला या हातांनी धरलीय मी. गिरणीतल्या किती पोरांचा धर्मबाप आहे मी; त्यांचे बाप माझे कोंपाद्रे, आणि आनिसेतो त्यांत पहिला होता, नोकर नाही. तेव्हा हे आपल्या आपल्यात मिटवू.”

त्यांनी कागद पुढे सरकवला. आनिसेतोची एकतीस वर्षांची नोकरी, वर्षाला एका महिन्याच्या पगाराप्रमाणे त्याच्या घरच्यांना देणं दोन लाख दहा हजार आठशे बोलिव्हियानो. सातव्या यंत्राची वहीतली किंमत दोन लाख पाच हजार. एकातून दुसरं वजा.

“वरचे पाच हजार आठशे तुझ्या आईला मी स्वतः नेऊन देईन. तू फक्त सही कर. कुणाला कळायचं नाही.”

पैसे गेले तरी आई शिवणकामावर जगली असती. पण सही केली की बाप चोर ठरत होता, आणि तेही मुलीच्या अक्षरात.

“परवा खरेदीदार येईपर्यंत मला वेळ द्या.”

“घे की. पण काय शोधणार आहेस?”

तेवढ्यात दार उघडलं. नेल्वाच्याच वयाची, नेल्वासारखीच काळ्या कपड्यांतली एक बाई वही आणि एक गाठोडं घेऊन आत आली. तिच्या हातात लाकडी पट्टी होती. एका टोकाला जळल्याचा डाग असलेली. लहानपणी तो डाग नेल्वानंच पाडला होता, मेणबत्तीवर धरून.

२

तिचं नाव विल्मा कोंदो. गिरणीचा यंत्रकारागीर डॉन इलारियोची मुलगी आणि आनिसेतोची धर्मकन्या. नऊ वर्षं ती आनिसेतोच्या शेजारी बसली होती आणि आता त्याच्या खुर्चीत बसत होती.

नेल्वा गेली बारा वर्षं दर रविवारी बापाशी फोनवर बोलत आली होती. दर रविवारी विल्मा त्या फोनमध्ये असायची. विल्मानं आज चूक पकडली. विल्मानं सूप आणलं. विल्मा म्हणते चष्म्याचा नंबर वाढलाय. शेवटी दवाखान्यात त्याचा हात धरून विल्माच बसली होती. नेल्वाची बस तीन तास उशिरा पोचली. आल्या आल्या तिनं पाहिलं ते हे, की बापाचा चष्मा विल्माच्या मांडीवर आहे. त्या चष्म्याचं तिला अजून काही करता आलेलं नव्हतं.

“धर्मबापासाठी एवढं काळं?” हिशेबाच्या खोलीत शिरताना ती म्हणाली.

“तुझ्यापेक्षा जास्त दिवस मी त्यांना बघत होते,” विल्मा शांतपणे म्हणाली. “म्हणून असेल.”

“खुर्ची बरी बसते?”

“टोचते. उशी लागते. ते कसे बसत होते कुणास ठाऊक.”

टेबलावर ब्लेडनं तासलेल्या पेन्सिली ओळीनं ठेवल्या होत्या, तासताना निघालेल्या साली काडेपेटीत भरलेल्या. अगदी बापासारख्या. नेल्वाला बापानं पेन्सिल तासायला कधी शिकवलं नाही. बोट कापेल म्हणायचा.

“डिसेंबरची मोजणी तूच केलीस ना? सातव्या यंत्रापुढे ‘पाहिलं’ लिहून तुझी सही आहे. पाहिलंस?”

विल्मानं मांडीवरचं पट्ट्यापट्ट्यांचं गाठोडं छातीशी ओढलं. आल्यापासून ते तिनं खाली ठेवलं नव्हतं.

“नाही. मागच्या वर्षीचं उतरवून काढलं.”

“माझा बाप असं शिकवायचा?”

विल्माचे कान लाल झाले.

“शेडची किल्ली कुणाकुणाकडे असते?”

“मालकांकडे. माझ्या बाबांकडे. आणि पाद्रिनोंची आता माझ्याकडे.” पाद्रिनो म्हणजे आनिसेतो. तो शब्द तिच्या तोंडी इतका सवयीचा होता की नेल्वाला तो हिसकावून घ्यावासा वाटला.

शेड गिरणीच्या मागे होती, पाण्याच्या टाकीपलीकडे. कामगार तिकडे फिरकत नसत. विल्मानं कुलूप काढलं आणि ती दारातच थांबली. नेल्वा एकटी आत गेली.

शेड खरंच रिकामी होती. सिमेंटच्या जमिनीतून चार जाड बोल्ट वर आलेले, यंत्राचे पाय तिथे बसायचे. छताच्या काचेत एक मोठं भोक होतं, त्यातून उन्हाचा तुकडा खाली पडला होता. त्या उन्हात काहीतरी चमकलं.

ती वाकली. प्रत्येक बोल्टापाशी पिवळ्या-पांढऱ्या पाकळ्यांची चिमूट होती, सुकून चुरगळलेली. मधल्या धुळीत दारू ओतल्याचा गोल डाग उमटला होता. आणि चौथ्या बोल्टाला, दोन वेढे देऊन नीट गाठ मारलेली, चंदेरी फीत होती.

३

संध्याकाळपर्यंत नेल्वा वह्या वाचत बसली. समोर विल्मा पावत्या लावत होती. दोघींमध्ये पट्टी पडली होती आणि दोघीही तिला हात लावत नव्हत्या.

मोजणीची पानं नेल्वानं शेवटून मागे चाळली. बापाचं अक्षर लहान, उजवीकडे कललेलं. दर वर्षी सातव्या यंत्रापुढे शेरा एकच: ‘पाहिलं. राखीव. तेल दिलं.’

विल्माच्या डिसेंबरच्या पानावर मात्र शेरा वेगळा होता: ‘पाहिलं. राखीव. छताची काच यंत्रावर पडलेली, निळी ताडपत्री घातली.’

“इथे गारा कधी झाल्या?” नेल्वानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

“बारा डिसेंबरला. अर्ध्या गावाच्या काचा गेल्या. का?”

“काही नाही.”

बाप सतरा नोव्हेंबरला गेला होता. गारा बारा डिसेंबरच्या. जुन्या वर्षाचं पान उतरवून काढणाऱ्या बाईला त्या पानात फुटलेली काच कुठून सापडली असती? विल्मा शेडमध्ये गेली होती. यंत्र तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. वर्षअखेरीला ते जागेवर होतं, आणि बापाला जाऊन तेव्हा सहा आठवडे झाले होते. तिच्या एका वाक्यानं बाप सुटला असता.

ते वाक्य तिनं गिळलं होतं.

नेल्वानं मान वर केली. विल्मा गाठोडं काखेला मारून घरी निघाली होती.

“उद्या मी तुमच्याकडे येते,” नेल्वा म्हणाली. “डॉन इलारियोंना भेटायचं राहिलंय. वडलांचे कोंपाद्रे ते.”

“उद्या नको. बाबांना बरं नाही.”

“मग तर यायलाच हवं.”

विल्माच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ते पाहून नेल्वाला बरं वाटलं. इतकं बरं तिला तीन महिन्यांत वाटलं नव्हतं, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.

४

डॉन इलारियो ठणठणीत होते. अंगणात ट्रकच्या पोटाखाली आडवे होऊन काहीतरी ठोकत होते. नेल्वाला पाहून बाहेर आले, हात पँटला पुसले आणि तिच्या खांद्यावर ठेवले.

“आनिसेतोची पोर. सगळं नाक त्याचंच. ये. ब्रेड कशाला आणलास? बरं, आण. माझ्या घरात काय कमी आहे? दात कमी आहेत.”

मंगळवारी घराघरांतलं शिंपण झालं होतं, आणि डॉन इलारियोंनी हात आखडला नव्हता. ट्रकच्या आरशाला फिती, वेल्डिंगच्या यंत्राला फिती, चूल, शिडी, हातगाडी, पाण्याचं पिंप, सगळ्यावर पाकळ्या आणि कागदाचे तुकडे. कुत्र्याच्या गळ्यातसुद्धा हिरवी-पिवळी फीत होती आणि तो ती खाण्याच्या खटपटीत गोल गोल फिरत होता.

अंगणाच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून, निळ्या ताडपत्रीखाली काहीतरी मोठं उभं होतं.

स्वयंपाकघराच्या दारात विल्मा येऊन उभी राहिली. नेल्वा तिच्याकडे बघत बघतच कोपऱ्यात गेली आणि ताडपत्रीचं टोक उचललं. दातेरी रूळ, हिरवा रंग, पितळी पट्टीवर कोरलेला आकडा सात.

सापडलं. बापाची लाडकी, बापाच्या खुर्चीतली, बापाच्या पेन्सिलीवाली! तिच्या घरात चोरीचं यंत्र, आणि आळ कुणावर, तर ज्यानं तिला घडवलं त्याच्यावर. नेल्वाला त्या क्षणी यंत्राचं काही नव्हतं. तिला फक्त हे बापाला सांगायचं होतं. बघा, बाबा. बघा तुमची विल्मा.

सांगायला बाप नव्हता, म्हणून ती यंत्राकडेच बघत राहिली. आणि बघता बघता तिच्यातली हिशेब तपासणारी बाई जागी झाली.

यंत्र कोरं होतं. ताडपत्रीवर एक पाकळी नाही, रुळाला एक फीत नाही, जमिनीवर दारूचा थेंब नाही. फुटक्या बादलीला मंगळवारी शिंपण मिळालं होतं आणि अंगणातल्या सगळ्यात किमती वस्तूला नाही.

“डॉन इलारियो,” तिनं सावकाश विचारलं, “हे का राहिलं?”

“राहिलं कुठे? माझं नाही ते.” त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. “दुसऱ्याच्या वस्तूवर शिंपण केलं तर पाचामामा ती आपल्याच पदरात टाकते. ते पाप मला नको.”

“मग कुणाचं?”

“ज्यानं ठेवायला दिलं त्याचं.”

“कुणी दिलं?”

“पोरी, एका कोंपाद्रेनं सांगितलं, ठेव आणि बोलू नकोस. मी ठेवलं. कोंपाद्रेला कुणी ‘का’ विचारतं होय? तुझ्या बापानंही विचारलं नसतं.”

दारात काहीतरी आपटलं. विल्माचं गाठोडं खाली पडलं होतं, आणि विल्मा त्याच्याशेजारी जमिनीवर बसली होती.

५

“मला वाटलं, बाबांनी चोरलं,” विल्मा म्हणाली.

दोघी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. बाहेर ठोकठोक पुन्हा सुरू झाली होती.

“जानेवारीत गिरणी दोन आठवडे बंद होती. मी मावशीकडून परत आले तर कोपऱ्यात ती ताडपत्री. माझीच. मी घातलेली. तेव्हापासून मी बाबांशी धड बोलले नाहीये. विचारायचं कसं? आणि विचारलं आणि ते हो म्हणाले तर?”

“म्हणून माझ्या बापाला चोर ठरू दिलंस.”

“तुझा मेलाय,” विल्मा म्हणाली. मग तिनं तोंडावर हात ठेवला. “माझा तुरुंगात गेला असता. रोज सकाळी त्या खुर्चीत बसून मी हाच हिशेब करत होते. म्हणून ती टोचते.”

नेल्वाला चिडायचं होतं. पण आपणही बापासाठी हेच केलं असतं, हे तिला फार लवकर दिसलं.

“गाठोड्यात काय आहे?”

विल्मानं गाठ सोडली. आत निळं फोल्डर होतं. नऊ वर्षांच्या डिसेंबरातल्या नऊ याद्या, एकत्र शिवलेल्या: गिरणीतला कोणता माणूस उद्या गेला तर त्याचं किती देणं निघेल, ते दर वर्षी बाजूला काढून लिहून ठेवायचं. कायदा तसा आहे.

“मालकांनी मला शेवटचं पान नवं करायला सांगितलं. एक नाव गाळून. मी करते म्हणाले आणि घरी घेऊन आले. रोज नेते, रोज आणते. कुठे ठेवायचं सुचत नाही.”

नेल्वानं पहिली यादी काढली. झाडूवाल्यापासून विणकरापर्यंत सगळी नावं बापाच्या अक्षरात. बापाचं स्वतःचं नाव नव्हतं. सगळ्यांच्या खाली, विल्माच्या अक्षरात, पेन्सिलीनं एक ओळ होती: ‘आनिसेतो तिकोना, तेवीस वर्षं.’ आणि त्या ओळीवरून पट्टी लावून काढलेली सरळ रेघ. शेजारी बापाची लहान सही.

दुसऱ्या यादीत चोवीस वर्षं. रेघ. तिसरीत पंचवीस. रेघ. अशा आठ.

“स्वतःचं तो लिहीतच नव्हता?”

“कधीच नाही. मी आल्या वर्षी विचारलं तर हसले. मग मीच लिहायला लागले. ते खोडायचे. डिसेंबरचं आमचं भांडण ठरलेलं असायचं.”

नववी यादी डिसेंबरातली. ‘आनिसेतो तिकोना, एकतीस वर्षं.’ शाईनं. खोडायला कुणी उरलं नव्हतं.

नेल्वाच्या डोक्यात सगळे तुकडे एकमेकांना लागत गेले. खरेदीदारानं ही यादी वाचली असणार. मालकाला म्हणाला असणार, हे देणं तुमच्या काळातलं, सहीआधी तुम्हीच भागवा. एकतीस वर्षं जी रक्कम वहीत नव्हती ती एका ओळीत उभी राहिली, आणि तेवढ्याच किमतीचं एक यंत्र नेमकं नाहीसं झालं.

“विल्मा, शेडमधलं शिंपण कुणी केलं?”

“शेडमध्ये कसलं शिंपण? तिथे काहीच नाही.”

“गेल्या शुक्रवारी तू आत गेलीस?”

“मी सुतकात आहे. या वर्षी बाटलीला हात लावला नाही.”

“आणि डॉन इलारियो स्वतःच्या अंगणातल्या यंत्रावर पाकळी टाकत नाहीत, ते रिकाम्या जागेवर कशाला टाकतील? तिसरी किल्ली उरते.” नेल्वा उठली. “तुझ्या बाबांना विचार, उद्या सकाळी ट्रक चालू होईल का.”

६

शनिवारी दहा वाजता डॉन गोन्सालोंनी पेन पुढे केलं.

“झालं समाधान? कर सही, पोरी. बारा वाजता ते लोक येतील.”

“आधी एक सांगा, पाद्रिनो. मोडीत गेलेल्या यंत्राचं शिंपण करतात?”

“छे. मेलेल्याचं कधी करतात का? घराला बाधतं ते.”

“सातवं सहा वर्षांपूर्वी मोडीत गेलं, असं तुम्ही म्हणालात.”

“मी नाही, तुझा बाप म्हणाला.”

“मग कार्निव्हलच्या शुक्रवारी बंद शेडमध्ये चारही बोल्टांपाशी पाकळ्या कुणी ठेवल्या? दारू कुणी ओतली? ही फीत कुणी बांधली?” चौथ्या बोल्टाची चंदेरी फीत तिनं टेबलावर ठेवली. ती खुर्चीच्या हाताला गुंडाळलेल्या फितीशेजारी पडली, आणि दोन्हींत काही फरक उरला नाही.

“फीत काय, कुणीही उचलून बांधेल.”

“शिंपण मालकच करतो. आणि जे आपलं आहे, जिवंत आहे, परत यायचं आहे, त्याचंच करतो. सगळं केलंत तुम्ही. यंत्र हलवलंत, फाइल काढलीत, विल्माला पान बदलायला सांगितलंत. पण सातांपैकी सहांना शिंपून सातव्याला उपाशी ठेवायचा धीर झाला नाही. यंत्र नाही तर नाही, त्याच्या जागेला तरी दिलंत.”

डॉन गोन्सालो काही बोलणार इतक्यात खाली ट्रकचा भोंगा वाजला. खिडकीतून डॉन इलारियो दिसत होते. मागे दोरांनी बांधलेलं हिरवं यंत्र.

“कोंपाद्रे!” ते खालून ओरडले. “मी कुणाला काही बोललो नाही हं! फक्त कुठे उतरवू ते सांगा!”

डॉन गोन्सालोंनी पुढे केलेलं पेन मागे घेतलं.

“दोन लाखांसाठी?” नेल्वानं विचारलं.

“दोन लाख!” ते हसले, पण हसू धड आलं नाही. “बँकेचा माणूस यायचा, हात माझ्याशी मिळवायचा आणि आकडा आनिसेतोला विचारायचा. गिरणी माझ्या आजोबांची. पगार वाढेल का हे कामगार आधी त्याला विचारून मग माझ्याकडे यायचे. दर डिसेंबरला तो यादी आणायचा. सगळ्यांची नावं. त्याचं नाही. जणू म्हणतोय, मला काही देण्याएवढे तुम्ही मोठे नाही. एकतीस वर्षं मी ती यादी वाचून सही केली. तुला काय कळणार कसं वाटतं ते.”

नेल्वाला ते कळत होतं. त्या खोलीत तिच्याएवढं ते कुणालाच कळलं नसतं. तिला चष्मा आठवला.

“माफ करायला मी आलेली नाही,” ती म्हणाली. “चेक लिहा. पूर्ण रकमेचा, आईच्या नावानं. आणि हा कागद फाडा.”

त्यांनी कागद फाडला. ड्रॉवरमधून सातव्याची फाइल काढून टेबलावर ठेवली. चेकवर सही करताना त्यांचा हात थांबला.

“खरेदीदाराला काय सांगू? मी त्याला शेड रिकामी दाखवलीय. आता तोंड कसं दाखवू?”

“सांगा, यंत्र दुरुस्तीला बाहेर गेलं होतं आणि हे तुमच्या ध्यानात नव्हतं. विल्मा वहीत तशी नोंद करेल.”

बोलून झाल्यावर तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. दहा वर्षं ती अशाच नोंदी शोधून लोकांना घाम फोडत आली होती. आणि आज, एका माणसाची गावात लाज राहावी म्हणून, तीच ती सुचवत होती, तीही बापाच्याच स्वरात.

७

यंत्र बोल्टांवर बसायला तासभर लागला. डॉन इलारियो खाली ओरडत होते, कामगार हसत होते. वर हिशेबाच्या खोलीत विल्मानं नोंद पूर्ण केली आणि पट्टी पुसून नेल्वापुढे धरली.

“ही तुझी. डागाचं मला सांगितलंय त्यांनी. कितीदा तरी.”

“ठेव तू. तुला रेघा मारायच्या असतात.” नेल्वानं निळं फोल्डर पुन्हा उघडलं होतं. “भांडायचात म्हणजे काय व्हायचं?”

“मी ओळ लिहायची. ते चष्मा काढायचे.”

“मी कधी त्याच्याशी भांडलेच नाही,” नेल्वा म्हणाली. “रविवारी दहा मिनिटं. दोघंही गोड बोलायचो. तुझ्या या आठ ओळी बघून मला...” तिनं वाक्य सोडून दिलं.

“आणि मला?” विल्मा एकदम म्हणाली. “तुला माहीत आहे ते काय म्हणून खोडायचे? दर वर्षी तेच. ‘गोन्सालोनं माझ्या नेल्वाला पाण्यावर धरलंय, तेव्हा ती त्याच्या अंगठ्याला धरून हसली होती. अशा माणसाच्या नावावर मी माझं येणं लिहू?’ आठ वर्षं मी त्यांचं नाव लिहिलं आणि आठ वर्षं त्यांनी तुझं नाव घेऊन ते खोडलं. सूप मी न्यायचे. अंगठा तुझा.”

खाली यंत्र सुरू झालं. टेबलावरच्या पेन्सिली थरथरायला लागल्या. विल्मानं हात पसरून त्या धरल्या, एक निसटली ती नेल्वानं पकडली.

ती पेन्सिल परत ओळीत ठेवून नेल्वा म्हणाली, “यातलं एक पान मला देशील?”

“वहीतलं पान देता येत नाही. तुलाच ठाऊक.” विल्मानं फोल्डर तिच्याकडे वळवलं. “कुठलं हवंय? शाईचं?”

“नाही. खोडलेलं.”

विल्मानं दाराकडे एकदा पाहिलं. मग आनिसेतोच्या ब्लेडनं सव्विसाव्या वर्षाचं पान अलगद कापलं आणि पट्टीखाली सरळ करून तिच्या हातात ठेवलं.